विंचूर येवल्यात नाही

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण प्राध्यापक मित्रांनी जरूर वाचा.

दीड महिन्यापूर्वी ओळखीच्या एका ग्रंथपालांनी मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. खाली फक्त एक ओळ, "हे तुमचंच ना?" उघडून बघितली तर सात पानांचा शोधनिबंध. विषय नाशिक जिल्ह्यातली कांदा बाजारपेठ. वर नियतकालिकाचं भारदस्त इंग्रजी नाव, 'आंतरराष्ट्रीय', 'बहुविद्याशाखीय', 'पीअर रिव्ह्यूड', आयएसएसएन क्रमांक आणि इम्पॅक्ट फॅक्टर ७ पॉइंट काहीतरी.

तिसऱ्या पानावर मला मीच भेटलो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले, तेव्हा लासलगावला जाऊन मी एक वृत्तांत लिहिला होता. त्यातले अडीच परिच्छेद जसेच्या तसे. ट्रॅक्टरवर झोपलेल्या शेतकऱ्याचं वर्णनसुद्धा. शोधनिबंधात ते 'प्रत्यक्ष निरीक्षण' झालं होतं.

आता मजा ऐका. त्या वृत्तांतात माझी एक चूक झाली होती. घाईत मी विंचूर येवला तालुक्यात लिहिलं. विंचूर निफाड तालुक्यात आहे, हे इथल्या शाळकरी पोराला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिला फोन विंचूरहून आला, आणि तो काही कौतुकाचा नव्हता. आम्ही शुद्धिपत्र छापलं. शोधनिबंधात मात्र विंचूर अजून येवला तालुक्यातच आहे. दोन तज्ज्ञांनी तपासलेला, आंतरराष्ट्रीय, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या पुढे.

राग आला, नाही म्हणत नाही. मी लेखकाला फोन केला. नाव लिहिणार नाही, आणि का ते पुढे कळेल. पलीकडे आधी शांतता. मग म्हणाला, "सर, खरं सांगू का? तो पेपर मी लिहिलेलाच नाही. विषय दिला, पैसे भरले, त्यांनी लिहून छापून दिला. तुमचं आहे हे मला आत्ता तुमच्याकडूनच कळतंय."

हा माणूस नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. सेट झालेला. पगार वर्षातून दोनदा-तीनदा, तोही बिलं मंजूर झाली तर. मी विचारलं, कशाला केलंस? त्याने मला गणित सांगितलं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी उमेदवारांची छाननी १०० गुणांवर होते. शोधनिबंधांना त्यात दर निबंधाला २ गुण, जास्तीत जास्त ६. म्हणजे तीन पेपर. समोरच्या उमेदवाराकडे तीन असतील आणि तुमच्याकडे एकही नसेल, तर तुम्ही मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचतच नाही. "सर, मी वर्षाला पाचशे मुलांचे पेपर तपासतो, चार ठिकाणी तास घेतो. कांद्याचा अभ्यास कधी करू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोरी ती चोरीच, हे मी त्याला सांगितलं. पण फोन ठेवल्यावर माझा राग त्याच्यावरून हलला होता.

मग त्या नियतकालिकाच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन लावला. उचलणारा मुलगा विनयशील. मी म्हटलं, अमुक अंकातल्या एका निबंधाबद्दल बोलायचंय. त्याने पुढचं ऐकलंच नाही. "सर, तुमचा पेपर टाकायचाय का? वर्ड फाइल पाठवा, दोन दिवसांत सर्टिफिकेटसह मिळून जाईल. ग्रुपने दिलात तर कमी करू." मी तक्रार सांगितली. म्हणाला, मेल करा. मेल केला. अजून उत्तर नाही.

संपादक मंडळात वीस नावं. त्यातले एक निवृत्त प्राध्यापक गंगापूर रोडला राहतात, माझ्या ओळखीचे. त्यांना घरी जाऊन पान दाखवलं. चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं त्यांनी. "मला कुणी विचारलंच नाही रे. यांचा एक अंकसुद्धा मी पाहिलेला नाही." त्यांच्या बायकोने आतून विचारलं, मानधन मिळतं का? आम्ही हसलो. पण सरांचं हसू लगेच मावळलं.

हे असं का झालं, हे बाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून थोडं मागे जातो.

२०१० मध्ये यूजीसीने एपीआय नावाची गुणपद्धत आणली. प्राध्यापकाची बढती गुण मोजून. तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकात पेपर आला तर १५ गुण, तसं नसलेल्या पण आयएसएसएन असलेल्यात १०. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. गाडी चांगली आहे की भंगार, हे नंबरप्लेट सांगत नाही. क्रमांक अर्ज केला की मिळतो. पण त्या क्रमांकाला गुण चिकटले आणि दुकानं उघडली. झेरॉक्सच्या दुकानात डीटीपी करणारे लोक नियतकालिकांचे मालक झाले. कॉलेजांत 'राष्ट्रीय चर्चासत्रां'चा हंगाम सुरू झाला. उद्घाटन, सत्कार, जेवण, आणि नोंदणी शुल्कातच विशेषांकात पेपर. सकाळी दहाला आलेला माणूस दुपारी प्रमाणपत्र घेऊन परत. पीएच.डी.च्या २०१६ च्या नियमांत तर प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध आणि दोन ठिकाणी सादरीकरण बंधनकारक होतं. गिऱ्हाईक सरकारनेच दुकानापर्यंत आणून सोडलं. ही सक्ती २०२२ मध्ये काढली, पण तोवर धंदा बसला होता.

नॅकचंही तसंच. मूल्यांकनात 'दर शिक्षकामागे किती शोधनिबंध' असा रकाना असतो. मग प्राचार्य स्टाफ मीटिंगमध्ये सांगतात, प्रत्येकाने मार्चपर्यंत दोन द्या. पापडाची ऑर्डर दिल्यासारखं.

यूजीसीला हे दिसत नव्हतं असं नाही. २०१७ मध्ये त्यांनी मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. तीस हजारांच्या वर नावं. त्यातला एक भाग विद्यापीठांनीच शिफारस केलेला. इथे आपल्या विद्यापीठाचा, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा (नाशिकची बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं याच्याच छत्राखाली), खरोखर चांगला भाग येतो. तिथले डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने आत शिरलेली १००९ नियतकालिकं तपासली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. १००९ पैकी निकषांत बसली फक्त ११२. साधारण एक तृतीयांश पत्ता, वेबसाइट, संपादक अशा प्राथमिक माहितीतच बाद. निम्म्याहून जास्त खोटी माहिती देणारी. आयएसएसएन चुकीचा, इम्पॅक्ट फॅक्टर बोगस. नऊमधलं एक खरं. आणि ही यादी सरकारी मान्यतेची!

त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ नावं यादीतून उडवली. मग 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्यातच होतं. २०१९ च्या जूनपासून ती लागू झाली. चाळणी बरीच बारीक होती, हे मान्य करायला हवं. पण आपल्याकडे चाळणी आली की तिला भोक पाडणारा आलाच. चांगल्या, जुन्या, यादीतल्या नियतकालिकाच्या नावाने दुसरी वेबसाइट काढायची, तोच आयएसएसएन टाकायचा, आणि पैसे घेऊन छापायचं. मूळ नियतकालिक बिचारं वर्षाला दोन अंक काढतंय, आणि त्याचं डुप्लिकेट महिन्याला दोनशे पेपर काढतंय. केअरच्या वेबसाइटवर अशा नकली भावंडांबद्दल सावध करावं लागायचं.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नियतकालिक चांगलं की वाईट हे ज्या त्या विद्यापीठाने, कॉलेजने ठरवावं, आम्ही सूचक निकष देतो. यादीवर तक्रारी होत्या, भारतीय भाषांतली नियतकालिकं घ्यायला फार वेळ लागतो ही त्यातली एक, आणि ती खरी होती. दिल्लीतून किंवा पुण्यातून एकच यादी साऱ्या देशाचं ज्ञान तोलणार ही कल्पना मलाही पटत नव्हती. पण जबाबदारी खाली ढकलली कुणाकडे? ज्या विद्यापीठांच्या शिफारशींत नऊमधली आठ नावं बाद निघाली, त्यांच्याकडेच. कॉलेजच्या समितीत बसणार कोण? ज्यांनी स्वतः त्याच दुकानातून बढती घेतली, ते. मांजराला दूध राखायला बसवलंय.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. अमेरिकेत जेफ्री बील नावाचे ग्रंथपाल अशा लुटारू नियतकालिकांची यादी ठेवायचे. २०१७ च्या जानेवारीत त्यांना ती बंद करावी लागली. हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलर भरायला सांगितले. खोटे संपादक आणि न झालेलं परीक्षण, हेच आरोप. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले आणि त्यातले बहुसंख्य एकाच नामांकित कंपनीच्या मालकीच्या नियतकालिकांतले होते. म्हणजे गोरे लोक करतात ते शुद्ध, हाही भ्रम नको. फरक इतकाच की तिकडे निदान 'मागे घेतला' असं जाहीर लिहितात. माझे अडीच परिच्छेद कोण मागे घेणार?

'प्लेजरिझम चेक' होतो की, असं कुणी म्हणेल. २०१८ चा नियम आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे शिक्षा चढत जाते, प्रबंधात ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. नियम कागदावर चांगला. पण मराठी बातमी ई-पेपरमध्ये असते, आणि ई-पेपर म्हणजे पानाचं चित्र. सॉफ्टवेअरला ती अक्षरं दिसतच नाहीत. ज्या निबंधात मी आहे, त्याला जोडलेल्या प्रमाणपत्रावर साम्य लिहिलंय ४ टक्के.

आपल्या नाशिकशी जोडलेलं एक प्रकरण जुन्या वाचकांना आठवेल. मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. राजन वेळूकर २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पीएच.डी.नंतरचे किमान पाच शोधनिबंध या अटीवरून त्यांच्या पात्रतेला न्यायालयात आव्हान मिळालं. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने शोध समितीला फेरविचार करायला सांगितलं, फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्यपालांनी त्यांना कार्यालयापासून दूर राहायला सांगितलं, मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ते परत खुर्चीवर बसले. कोण बरोबर कोण चूक हा माझा आजचा विषय नाही. मला त्या वेळीही एक गोष्ट खटकली होती. महिनोन्महिने चर्चा 'पाच आहेत की नाहीत' यावर चालली. त्या निबंधांत काय लिहिलंय, हे कुणी वाचलं आणि वाचकांना सांगितलं, असं मला आठवत नाही. मीही नाही.

आणि याच्या उलटं टोक बघायचं तर धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी. गणिती म्हणून मोठा माणूस, इतिहासकार म्हणून त्याहून मोठा. त्यांनी १९५९ मध्ये रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा छापला तो कुठे, तर कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. जगातला सगळ्यात अवघड मानला जाणारा प्रश्न, आणि तो तपासू शकेल असं तिथे कोण असणार? दावा टिकला नाही. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही, त्याला इतरही कारणं होती, पण या निबंधाने त्यांच्या नावाला गणितज्ञांत फार धक्का बसला. कोसंबींनी कुणाचं चोरलं नव्हतं, पैसेही दिले नव्हते. तरी ज्याला ते कळतं अशा माणसाने आधी वाचायला हवं होतं, एवढं एक राहून गेलं. परीक्षण म्हणजे एवढंच असतं. एका जाणकाराने छापण्याआधी वाचून 'इथे चुकतंय' म्हणणं.

माझ्या निबंधात त्यासाठी जाणकारसुद्धा लागला नसता. निफाडचा एखादा कंडक्टर चालला असता.

आता आमच्या धंद्याबद्दल बोलल्याशिवाय हे बोलायचा मला अधिकार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पेड न्यूजचं काय झालं ते आठवा. मुख्यमंत्र्यांवरचा तोच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या नावांनी, 'अशोकपर्व' म्हणून; पी. साईनाथ यांनी तो 'हिंदू'मध्ये उघडा केला. पैसे देऊन छापलेलं, पण बातमीच्या कपड्यात. पैसे देऊन छापलेला शोधनिबंध हे त्याचंच भावंड. आम्ही तेव्हा मान खाली घातली होती, आणि पूर्ण वर काढली असंही नाही.

आणि लहान पाप तर मी स्वतः केलंय. 'प्रा. अमुक यांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध', फोटोसह, खाली अभिनंदन करणाऱ्यांची अकरा नावं. अशा किती बातम्या मी गेल्या वीस वर्षांत लावल्या, मोजदाद नाही. कॉलेज जाहिरात देतं, प्राचार्य ओळखीचे, जागा रिकामी असते. एकदाही विचारलं नाही की तो निबंध दाखवा. त्या बातमीचं कात्रण मग फाइलमध्ये लागतं. दुकानदाराने माल विकला, आम्ही त्यावर आयएसआयचा शिक्का मारला.

नुकसान कुणाचं, असं कुणी विचारेल. कागदच तर आहे. नुकसान आधी त्या पोरांचं, जी खरं काम करतात. सुरगाण्याकडच्या एका मुलीला मी ओळखतो. आईवडील दरवर्षी द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, तिने त्याच स्थलांतरावर पीएच.डी. केली. चार हंगाम बागांवर, वस्त्यांवर फिरली. तिचा एक निबंध चांगल्या नियतकालिकात यायला चौदा महिने लागले, दोनदा दुरुस्तीला परत आला. छाननीत त्याला २ गुण. आणि दोन दिवसांत छापून मिळालेल्याला? २ गुण. तिने मला विचारलं होतं, "सर, मी मूर्खपणा केला का?"

दुसरं नुकसान मोठं आहे. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरातले डॉक्टर तिथून पदव्या घेतात. वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीलाही शोधनिबंध लागतात. तिथला खोटा आकडा कुठल्या औषधाच्या डोसपर्यंत जातो, याचा विचार करा. द्राक्षावरच्या फवारणीचा, पाण्यातल्या नायट्रेटचा खोटा आकडा असाच वर सरकत जातो. पुढचा अभ्यासक तो संदर्भ म्हणून घेतो, त्याच्या पुढचा त्याचा. दहा वर्षांनी कुणीतरी सरकारी अहवालात विंचूर येवला तालुक्यात टाकेल आणि खाली संदर्भ देईल.

करायचं काय? दिल्लीचं दिल्ली बघेल. नाशिकमध्ये करता येण्यासारखं सांगतो. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर शिक्षकांच्या निबंधांची यादी असते, तिथे नुसतं नाव नको, पूर्ण निबंध टाका. प्रबंध शोधगंगेवर सगळ्यांना वाचता येतात, मग निबंध लपवायचे कशाला? कुठे किती पैसे भरले तेही लिहा. पैसे घेणारं प्रत्येक नियतकालिक बोगस नसतं, त्यामुळे लिहायला लाज वाटायचं कारण नाही. आणि मुलाखतीत पेपर मोजू नका. उमेदवाराने स्वतः निवडलेला एक निबंध टेबलावर ठेवा, त्यातला एक तक्ता समजावून सांग म्हणा. पंधरा मिनिटांत कळतं कुणी लिहिलंय. संस्थाचालक म्हणतील, वेळ कुणाला आहे. ज्या मुलाखतींचा निकाल आधीच ठरलेला असतो तिथे वेळ नसतोच, हे आम्हाला माहीत आहे, तो वेगळा विषय आणि वेगळ्या पोस्टचा.

त्या प्राध्यापकाची तक्रार मी केली नाही. काहींना हे पटणार नाही. तक्रार केली तर तो जाईल, ज्याच्या नऊ वर्षांचा उपयोग कॉलेजने फुकटात करून घेतला. त्याच्या जागी दुसरा येईल, त्याच्याही फाइलमध्ये तसेच तीन पेपर असतील. आणि तो विनयशील मुलगा फोन उचलत राहील. नियतकालिकाची तक्रार मात्र मी विद्यापीठाकडे लेखी दिली आहे, पीडीएफ, माझं कात्रण आणि शुद्धिपत्रासह. पोच घेतली आहे. काय होतं ते कळवीन. त्या प्राध्यापकाला म्हटलं, छाननीच्या अर्जातून तो पेपर तू स्वतः काढ. त्याने 'बघतो' म्हटलंय.

माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. शोधनिबंधाची बातमी हवी असेल तर आधी निबंध पाठवा, मी वाचणार, मगच बातमी. गेल्या पंधरवड्यात अशा चार जणांना सांगितलं. तिघांनी परत फोन केला नाही. चौथ्या बाईंनी पाठवला, पंचवटीतल्या भाजीवाल्या बायकांच्या रोजच्या उसनवारीवर. एकोणीस पानं. सकाळी दहा रुपये शेकड्याने घेतलेले पैसे संध्याकाळी कसे परत जातात, त्याचा दिवसाचा हिशेब. मला दोन ठिकाणी शंका आली, त्यांना विचारलं, एका ठिकाणी त्यांनी कच्च्या नोंदवहीचं पान दाखवलं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाल्या, "तिथे माझा नमुना कमी पडलाय, तसं मी लिहिलंय खाली." बघितलं तर खरंच लिहिलं होतं.

रविवारी बातमी लागतेय. पान पाच. अभिनंदन करणाऱ्यांची नावं नाहीत.